बचाव पक्षाची रिकामी जागा : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील सुखात्मे आणि वकिलाची व्यावसायिक नीती

प्रस्तावना

आपला अशील दोषी आहे असे वकिलाला मनोमन वाटत असेल, तर त्याने त्याचे वकीलपत्र घ्यावे काय आणि घेतल्यास त्याचा बचाव कितपत जोमाने करावा, हा प्रश्न वकिली व्यवसायाइतकाच जुना आहे. सामान्य माणसाच्या मनात त्याचे उत्तर बहुधा तयार असते. ‘पैशासाठी काळ्याचे पांढरे करणारा’ ही वकिलाची प्रतिमा आपल्या बोलण्यात रुळलेली आहे. ललित साहित्याने आणि चित्रपटांनी या प्रश्नाला बहुधा बगल दिली आहे. तेथे नायक असलेल्या वकिलाचा अशील शेवटी निर्दोष निघतो, त्यामुळे वकिलाची नीती आणि वाचकाची सहानुभूती यांत संघर्षच उरत नाही. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीतील ॲटिकस फिंच आपल्याला आदर्श वाटतो, यामागे त्याचा अशील निरपराध आहे हेही एक कारण आहे.

मराठीत या प्रश्नाला अगदी वेगळ्या बाजूने भिडणारी एक कलाकृती आहे, पण त्या दृष्टीने तिच्याकडे फारसे पाहिले जात नाही. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. सुलभा देशपांडे यांनी त्यात लीला बेणारेची भूमिका केली. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. पुरुषप्रधान समाजाने एका स्वतंत्र वृत्तीच्या स्त्रीची केलेली शिकार, मध्यमवर्गीय नीतिमत्तेतील दंभ, समूहाच्या मनातील सुप्त हिंसा या सूत्रांवर या नाटकाची चर्चा प्रामुख्याने झाली आणि ती योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा भर मात्र त्या अभिरूप न्यायालयातील एकाच जागेवर, म्हणजे आरोपीच्या वकिलाच्या जागेवर आहे. ‘आरोपी दोषीच आहे’ असे आधीच ठरवून बसलेला माणूस त्या जागेवर बसला तर काय घडते, हे तेंडुलकरांनी दाखवले आहे. वरील प्रश्नाचे एक ठाम उत्तर त्यातून मिळते, असे येथे मांडावयाचे आहे.

मत, ज्ञान आणि पुरावा

नाटकाकडे वळण्यापूर्वी व्यवसायाचा नियम काय सांगतो ते पाहणे आवश्यक आहे. भारतीय वकील परिषदेच्या नियमांतील भाग ६, प्रकरण २ मधील नियम १५ नुसार आरोपीच्या दोषीपणाविषयी स्वतःचे मत काहीही असले, तरी वकिलाने त्याचा बचाव करावयाचा असतो. पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही दोषी ठरवू नये असे सांगणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा असते, हे त्याने ध्यानी ठेवावयाचे असते. मात्र हा बचाव न्याय्य आणि सन्मान्य मार्गांनीच करावयाचा असतो. त्यालगतचा नियम १६ फिर्यादी पक्षाच्या वकिलासाठी आहे. निरपराध व्यक्तीला शिक्षा होईल अशा रीतीने त्याने खटला चालवू नये, असे तो नियम बजावतो. एकाच न्यायासनासमोर उभ्या राहणाऱ्या दोन वकिलांची कर्तव्ये अशी वेगवेगळी आहेत. राज्यसंस्थेजवळ पोलीस, तुरुंग आणि तपासयंत्रणा असते. आरोपीजवळ फक्त त्याचा वकील असतो.

नियम १५ मधील ‘मत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वकिलाचे मत हा पुरावा नव्हे. पोलिसांचे मत, वृत्तपत्रांचे मत आणि शेजाऱ्यांचे मत यांच्या रांगेत त्याचेही स्थान आहे. ही सारी मते बाजूला ठेवून पुरावा तपासता यावा, यासाठीच न्यायालय असते. आरोपीच्या वकिलाने आपल्या मतानुसार बचाव सैल सोडला, तर न्यायाधीशाने निर्णय देण्यापूर्वीच एक निर्णय होऊन जातो. तो कोणी दिला, कशाच्या आधारे दिला आणि त्याविरुद्ध अपील कोठे करावयाचे, हे आरोपीला कधीच कळत नाही.

मताच्या जागी प्रत्यक्ष ज्ञान आले, म्हणजे आरोपीनेच वकिलापाशी कबुली दिली, तर प्रश्न अधिक बिकट होतो. लंडनमध्ये १८४० साली लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाबद्दल त्यांचा स्विस नोकर कुर्व्हाझिए याच्यावर खटला चालला. गंभीर गुन्ह्यातील आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करण्याचा अधिकार इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने नुकताच मिळाला होता. खटला सुरू असतानाच आरोपीने चार्ल्स फिलिप्स या आपल्या वकिलाजवळ खुनाची कबुली दिली, पण बचाव मात्र सोडू नये असा आग्रह धरला. फिलिप्स यांनी न्यायासनावर उपस्थित असलेले बॅरन पार्क यांचा सल्ला घेतला. बचाव चालू ठेवावा आणि पुराव्यातून निघणारे सर्व योग्य युक्तिवाद करावेत, असा तो सल्ला होता. आरोपीला फाशी झाली आणि कबुलीची गोष्ट बाहेर आल्यावर फिलिप्स यांच्यावर टीकेची झोड उठली. टीकाकारांचा मुख्य आक्षेप केवळ बचाव करण्याला नव्हता. सत्य ठाऊक असतानाही फिलिप्स यांनी घरातील निरपराध मोलकरणीकडे संशयाचे बोट वळवले, असे त्यांचे म्हणणे होते. फिलिप्स यांनी हे नाकारले. तो वाद अमुक एका बाजूने निकालात निघाला असे म्हणता येणार नाही, परंतु त्यातून एक सीमारेषा स्पष्ट झाली. फिर्यादीचा पुरावा अपुरा आहे असे म्हणणे वेगळे आणि ठाऊक असलेले सत्य नाकारून दुसऱ्या निरपराध व्यक्तीवर दोष ढकलणे वेगळे. पहिले वकिलाचे कर्तव्य आहे, दुसरे नाही.

सुखात्मेच्या दोन जागा

‘शांतता!’मधील हौशी नाटक मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी आलेली आहेत. ठरलेला खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरील अण्वस्त्रविषयक आरोपाचा आहे. स्थानिक तरुण सामंत याला न्यायालयाची पद्धत कळावी म्हणून वेळ घालवण्यासाठी एक लुटुपुटीचा खटला रचला जातो. शिक्षिका असलेल्या लीला बेणारेला आरोपी केले जाते आणि भारतीय दंड विधानाच्या कलम ३०२ खाली तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. काशीकर न्यायाधीश होतो आणि पेशाने वकील असलेला सुखात्मे फिर्यादी पक्षाची बाजू घेतो.

आरोपीच्या वकिलाचे काम एरवी प्रा. दामले करीत असतो आणि तो आलेला नाही. नाट्यरचनेच्या दृष्टीने ही अनुपस्थिती अत्यंत अर्थपूर्ण आहे. बेणारेच्या उदरातील मुलाचा पिता दामलेच आहे. ज्याने तिचा बचाव करावयाचा, तोच तिला संकटात टाकून नाहीसा झाला आहे. त्याची रिकामी जागा भरून काढण्यास सुखात्मे आनंदाने तयार होतो, कारण व्यवसायाने वकील असलेल्याला दोन्ही बाजू मांडणे त्याच्या दृष्टीने अवघड नाही. एकाच प्रकरणात दोन्ही पक्षांसाठी उभे राहण्यास वकिलाला मज्जाव असतो, पण खेळ म्हटल्यावर तो नियम कोणालाच आठवत नाही. नाटकाच्या आरंभी बेणारेने सुखात्मेची जी टिंगल केली आहे, तीही येथे स्मरावी. त्याच्याकडे अशील फिरकत नाहीत आणि तो कोर्टाच्या खोलीत एकटाच बसून असतो, असे ती सांगते. प्रत्यक्ष न्यायालयात ज्याला अशील मिळत नाही, त्याला येथे प्रथमच हुकमी विजय दिसतो आहे. फिर्यादीच्या जागेवरून तो बेणारेचे वय, तिचे अविवाहित असणे, तिची वागणूक यांवर प्रश्नांची सरबत्ती करतो. अखेरच्या भाषणात मातृत्वाच्या पावित्र्याला तिने काळिमा फासल्याचे चित्र उभे करतो. त्यानंतर तोच माणूस जागा बदलून आरोपीचा वकील होतो.

या क्षणी तो काय करतो, हे समीक्षेने अधिक बारकाईने पाहावयास हवे होते. तो बेणारेविरुद्ध एक अक्षरही बोलत नाही, आवाजात कारुण्य आणतो आणि दयेची याचना करतो. गुन्हा भयंकर आहे हे तो मान्य करून टाकतो, माणूस चुकतो, तारुण्यात पाऊल घसरते असे म्हणतो आणि माणुसकीच्या नावाने क्षमा मागतो. वरवर पाहता ही सहृदयता वाटते. प्रत्यक्षात खटल्यातील सर्वांत घातक वाक्ये हीच आहेत. फिर्यादीचा वकील आरोप करतो तेव्हा तो निदान आरोपच असतो. आरोपीचा वकील दया मागतो तेव्हा गुन्हा सिद्ध झाल्याचे तो आरोपीच्या वतीने कबूल करीत असतो. बेणारेने ही कबुली दिलेली नाही, तिला कोणी विचारलेलेही नाही. सुखात्मेला ती दोषी वाटते, म्हणून त्याने ती परस्पर देऊन टाकली आहे.

न झालेला बचाव

बेणारेविषयी मनात काडीचीही सहानुभूती नसलेला, किंबहुना तिचे वर्तन अनैतिक मानणारा, परंतु आपले काम जाणणारा वकील त्या जागी असता तर? हा प्रश्न केवळ काल्पनिक कुतूहलाचा नाही. बचावाला किती वाव होता हे पाहिल्याशिवाय तो नाकारण्यातील क्रौर्य मोजता येत नाही.

पहिली गोष्ट, कलम ३०२ मुळात लागू होत नाही. मनुष्यवधाची व्याख्या करणाऱ्या कलम २९९ चे तिसरे स्पष्टीकरण सांगत असे, की मातेच्या उदरातील बालकाचा मृत्यू घडवून आणणे हा मनुष्यवध नव्हे. गर्भपातासाठी दंड विधानात स्वतंत्र कलमे होती. दुसरी गोष्ट, हत्या झालेलीच नाही. सारा खटला ज्या संशयावर उभा आहे तो संशय खरा धरला, तर गर्भ जिवंत आहे. तिसरी गोष्ट साक्षींची. कर्णिक दुसऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी सांगतो. साक्षीदाराने स्वतः पाहिलेले वा ऐकलेले तेच सांगावे, असे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ६० बजावीत होते. सामंत तर हातातील कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो. पोंक्षे विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर आणतो आणि तीही आरोपातील कृत्य सिद्ध करीत नाही. चौथी गोष्ट, न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्ष देतो आणि मग आपल्याच साक्षीवर निकालही देतो.

यांपैकी कोणताही मुद्दा मांडण्यासाठी बेणारेच्या चारित्र्यावर विश्वास असण्याची गरज नव्हती. पुरावा वाचण्याची आणि उभे राहून बोलण्याची तयारी तेवढी हवी होती. विश्वास नसतानाही बचाव करता येतो आणि तो प्रामाणिकपणे करता येतो, हे येथे स्पष्ट होते. सुखात्मे यांतील काहीही करीत नाही. उदरातील गर्भ नष्ट करावा, असा निकाल अखेर काशीकर देतो. ज्या कृत्यासाठी खटला भरला, तेच कृत्य शिक्षा म्हणून फर्मावले जाते. वैद्यकीय गर्भपाताला मर्यादित मान्यता देणारा कायदा १९७१ मध्ये आला. नाटक रंगमंचावर आले तेव्हा असा गर्भपात हाच गुन्हा होता. ही विसंगती न्यायालयाच्या नजरेस आणून देणारा एकही माणूस तेथे नाही. ते काम ज्याचे, त्याने आधीच दया मागून आपली जागा सोडलेली असते.

बेणारेचे प्रसिद्ध दीर्घ स्वगत याच पोकळीतून येते. तिला काही सेकंदांचा अवधी दिला जातो, ती मन मोकळे करते आणि तिचे बोलणे इतर पात्रांपर्यंत पोहोचत नाही. स्वगताची ही योजना स्त्रीच्या दडपलेल्या आवाजाचे प्रतीक म्हणून वाचली जाते. त्या वाचनाला छेद न देता आणखी एक अर्थ त्यात पाहता येईल. आरोपीचे म्हणणे न्यायालयाला ऐकू येईल अशा भाषेत नेऊन पोहोचवणे हे वकिलाचे काम असते. तो नसेल, तर आरोपी कितीही बोलला तरी ते स्वगतच ठरते.

दोन आक्षेप

या वाचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हे नाटक न्यायसंस्थेविषयी नाही. न्यायालय हे केवळ रूपक आहे, म्हणून कायद्याची कलमे लावून त्याची चिकित्सा करणे अप्रस्तुत आहे. परंतु रूपक प्रभावी ठरते ते त्याच्या मूळ वस्तूतील संबंध जिवंत असतील तेव्हाच. तेंडुलकरांनी शपथ, पुकारा, साक्ष, युक्तिवाद, निकाल हा सारा विधी तपशिलाने ठेवला आहे आणि त्यातील एकच जागा पोकळ केली आहे. रूपकाचा परिणाम या निवडीतूनच साधला जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जोमदार बचावाची भलामण करताना अशा बचावाची झळ कोणाला लागते हे विसरता येत नाही. बलात्काराच्या खटल्यांत आरोपीच्या वकिलाने फिर्यादी स्त्रीची केलेली उलटतपासणी आणि सुखात्मेने बेणारेला विचारलेले प्रश्न यांत कितीदा तरी फरक दिसत नाही. पुरावा कायद्याच्या कलम १५५ (४) नुसार बलात्काराची फिर्याद देणारी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे, असे दाखवून तिची विश्वासार्हता खोडून काढता येत असे. ही तरतूद २००३ मध्ये रद्द झाली आणि तिच्या चारित्र्याविषयी उलटतपासणीत प्रश्न विचारण्यावरही तेव्हाच बंधन आले. त्यापूर्वी कितीतरी स्त्रियांनी फिर्यादी असूनही आरोपीच्या पिंजऱ्यातील बेणारेचा अनुभव घेतला असणार.

हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे, पण त्याने मूळ मुद्दा खोडला जात नाही, त्याची मर्यादा मात्र निश्चित होते. फिलिप्स यांच्यावरील टीकेतून जी सीमारेषा पुढे आली, तीच येथेही लागू पडते. पुरावा तपासण्याचा अधिकार म्हणजे साक्षीदाराची अब्रू घेण्याचा परवाना नव्हे. नियम १५ मधील ‘न्याय्य आणि सन्मान्य मार्ग’ हे शब्द शोभेसाठी नाहीत. एका स्त्रीचे चारित्र्य हाच पुरावा मानणे, हा सुखात्मेचा दोष आहे. फिर्यादीच्या जागेवर बसून तो नियम १६ मोडतो आणि आरोपीच्या जागेवर बसून नियम १५. दोन्ही वेळा त्याच्या चुकीचे मूळ एकच आहे, ते म्हणजे पुराव्याच्या जागी स्वतःचे मत ठेवणे.

रंगमंचाबाहेर

तेंडुलकरांनी दाखवलेली रिकामी जागा केवळ रंगमंचावर राहिलेली नाही. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. जिवंत पकडलेला एकमेव हल्लेखोर अजमल कसाब याच्या दोषीपणाविषयी शंका घेणारा माणूस सापडणे कठीण होते. मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने त्याचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. मार्च २००९ मध्ये न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नेमणूक केली, तेव्हा त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. खटल्यातील एका साक्षीदाराशी व्यावसायिक संबंध असल्याच्या कारणाने त्यांची नेमणूक पुढे रद्द झाली. त्यानंतर अब्बास काझमी आणि त्यांच्या जागी के. पी. पवार यांनी काम पाहिले. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून बाजू मांडली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशीची शिक्षा कायम झाली आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला ती येरवड्यात अंमलात आली.

‘जो दोषी आहे हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्याला वकील कशाला?’ हा प्रश्न त्या काळी सर्रास विचारला गेला. त्याचे एक उत्तर त्याच खटल्यात आहे. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपींवरही कटाचा आरोप होता. पुरावा विश्वासार्ह नसल्याने विशेष न्यायालयाने २०१० मध्ये त्यांना निर्दोष सोडले आणि हा निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. लोकक्षोभाच्या त्या वातावरणात तिघेही एकाच मापाने मोजले जात होते. एकाविरुद्धचा पुरावा टिकला आणि दोघांविरुद्धचा टिकला नाही, हे पुरावा तपासला गेला म्हणूनच कळले. मतांवर विसंबून खटला चालला असता, तर तिघांचा निकाल एकच लागला असता.

डिसेंबर २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनांचे असे ठराव बेकायदा आणि रद्दबातल ठरवले. संविधानाच्या अनुच्छेद २२ (१) ने दिलेला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क आणि व्यवसायाची नीती या दोहोंशी ते विसंगत आहेत, असे न्यायालयाने म्हटले. एखाद्या वकिलाने विशेष परिस्थितीत एखादे प्रकरण नाकारण्यास नियमांत वाव आहे. सर्वांनी मिळून एखाद्याला वकीलच मिळू न देणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. अभिरूप न्यायालयातील मंडळींनी बेणारेच्या बाबतीत नेमके हेच केले होते.

निष्कर्ष

दंड विधान आणि पुरावा कायदा यांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांनी घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, परंतु आरोपीच्या वकिलासमोरील नैतिक प्रश्न बदललेला नाही. कबुली ऐकल्यानंतर बचावाला उभे राहणाऱ्या वकिलाच्या मनावरचे ओझे कोणताही नियम उतरवू शकत नाही. तसा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. नियम त्याला एवढेच सांगतो, की ते ओझे त्याने स्वतः वाहावे, आरोपीवर किंवा साक्षीदारावर टाकू नये.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक अनेक विद्यापीठांत अभ्यासले गेले आहे. त्याच्या अध्यापनात काशीकरच्या निकालाइतकेच सुखात्मेच्या दयेच्या याचनेकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावयास हवे. दोषी वाटणाऱ्याचा बचाव करणारा वकील समाजाला खुपतो आणि दोषी मानून दया मागणारा सुखात्मे सभ्य वाटतो. तेंडुलकरांच्या नाटकात बेणारेचा घात या सभ्य माणसाने केला आहे. ती नाटकातील इतर माणसांना कशीही वाटत असो, तिला एका वकिलाची गरज होती. तो मिळाला नाही, म्हणून लुटुपुटीच्या खेळात सुनावलेली शिक्षा तिच्यापुरती खरी ठरली.